पावणेनऊ

शिडी माझी होती, डिश त्याची.
उदगीरच्या चौबाऱ्याजवळ, भांड्याच्या दुकानावर
बारा फुटांची जाळीची परात आम्ही चढवली तेव्हा
खाली एवढी माणसं जमली
जणू वर कुणाला हळद लागणार आहे.
तोंडात स्क्रू धरून मन्मथनं विचारलं,
'खय्यूम, दक्षिण कुठंय?'
मी मशिदीकडं बघून पश्चिम सांगितली.
बाकीचं त्यानं काढलं.

घरामागं साठ रुपये महिना.
दोन व्हीसीआर, एक माईक, त्यालाही सर्दी झाल्यासारखा आवाज.
दुपारी पिक्चर, संध्याकाळी कुणाच्या तरी बारशाची कॅसेट,
आणि रात्री पावणेनऊला
कॅमेऱ्यापुढं एक पाटी:
उद्या नळाची पाळी.
बनशेळकीचा तलाव तळाला गेला होता,
आठव्या, कधी बाराव्या दिवशी पाणी यायचं.
पाटीवर खडूनं गल्ल्यांची नावं, बास.
आवाज नाही, गाणं नाही.

वाचता येत नव्हतं त्या बायांनी
केबलच्या खोलीवर येऊन भांडण काढलं.
'आमी बी साठच देतोत की!'
म्हणून मग तो वाचायला लागला.
हळू. प्रत्येक गल्ली दोनदा.
कुरेशी गल्लीचं नाव घेताना माझ्याकडं बघायचा,
माझं घर तिथंच.
त्या दोन मिनिटांत
रस्त्यावर कुत्रंसुद्धा भुंकायचं नाही.

रातराणीनं गेला तेव्हा
वायरची चार बंडलं मला ठेवून गेला.
मुंबईत आधी कुणाचा तरी सहायक,
मग निर्माता, मग काचेच्या खोलीतला
कार्यक्रमांचा मोठा साहेब.
मालिका संपताना त्याचं नाव धावत जायचं.
मी पोरांना म्हणायचो, बगा, आला,
तोवर गेलेलं असायचं.
एका मालिकेत आमच्याच भागातलं गाव होतं.
खेड्याचा आड फायबरचा,
आणि त्याला पाणी टँकरनं यायचं,
हे त्यानंच फोनवर सांगितलं, हसत.
'यायलाय' काढा, 'येतोय' लिहा,
प्रेक्षकाला कळत नाही,
अशा कागदावर सहीही त्याचीच होती.
हे सांगताना हसला नाही.
गुरुवारी त्यांचे आकडे यायचे.
एका गुरुवारी रात्री बाराला फोन:
'खय्यूम, काल दीड कोटी लोकांनी बघितलं!'
मी म्हणलं, बरंय.
आमच्याकडं लाईट नव्हती.

मग एक कंपनी दुसरीत विरघळली.
त्याला फुलं दिली, लॅपटॉप काढून घेतला.
बावीस मालिका, वर्षं सत्तावीस,
आणि तो वैशाखात तीन दिवसांसाठी गावी आला,
केस काळे, भुवया पांढऱ्या.
केबलची खोली कुठंय म्हणाला.
तिथं आता ब्यूटी पार्लर आहे.
डिश भंगारात किलोवर गेली,
शिडी मशिदीच्या रंगकामाला दिलेली, ती परत आलीच नाही.
पाटी मात्र माझ्या दुकानाला टेकून उभी होती,
तिच्यावर ऑइलपेंटनं:
इथं मोटारसायकल लावू नये.

तो तिच्यापुढं उभा राहिला.
वाचली. मोठ्यानं, हळू,
दोनदा.

समोरच्या ओट्यावर हरभरा निवडणारी
गंगूबाई बिरादार, मोतीबिंदूवाली,
मान वर न करता म्हणाली,
'आन उद्या कुणाकडं हाय ओ?'

त्यानं माझ्याकडं बघितलं.
पाळी आता फोनवर येती,
नगरपालिकेचा माणूस ग्रुपवर टाकतो,
गुड मॉर्निंगच्या फुलांखाली ती सापडवावी लागती.
मी सापडवली, फोन पुढं केला.
त्याच्याकडं चष्मा नव्हता.
मी फोन लांब धरला,
अजून लांब,
हात दुखेपर्यंत लांब,
तेव्हा कुठं अक्षरं जागेवर आली
आणि तो वाचायला लागला.

साडेपाच वाजले होते. ऊन होतं.
दुकानात गिऱ्हाईक खोळंबलं होतं.
ते बी थांबलं.